गेलेले बोट आणि उरलेली कळ



वेदनेवर बोलायला या व्यासपीठावर खरे म्हणजे एखादे डॉक्टर यायला हवे होते. चालकांनी एका कामगार कार्यकर्त्याला उभे केले आहे. माझे शाळेतले शिक्षण आठवीपर्यंतचे. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, शब्दकोश शेजारी ठेवून. तेव्हा औषधे सांगणे हे माझे काम नव्हे. पण दुखणाऱ्या माणसांचे अर्ज लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत, आणि त्यांतला पहिला अर्ज माझा स्वतःचाच होता. तिथूनच सुरुवात करतो.

मी चोवीस वर्षांचा असताना एका कारखान्यात प्रेसखाली माझ्या उजव्या हाताची तर्जनी गेली. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट जोडलेले होते. कोणता अवयव गेला म्हणजे माणसाची कमावण्याची शक्ती शेकडा किती घटली, याचा तो तक्ता. अंगठा गेला तर ३०, तर्जनी पुरी गेली तर १४, मधले बोट गेले तर १२. तसलाच तक्ता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. त्या हिशेबाने मला पैसे मिळाले. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु जखम भरून आल्यावर निराळाच प्रकार सुरू झाला. जे बोट उरले नव्हते तेच ठणकू लागले. रात्री त्याच्या नखात कोणी सुई खुपसते आहे असे वाटे. तपासणाऱ्या डॉक्टरांना हे सांगितले तर ते हसून म्हणाले, "नसलेले बोट दुखेल कसे? कामावर जायचे नाही असे सरळ सांग की!" मी गप्प बसलो. तक्त्यात बोटाला रकाना होता, कळेला नव्हता.

त्या डॉक्टरांचा मला आता राग नाही. जुनी समजूत त्यांच्याही डोक्यात बसलेली होती. सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने वेदनेला घंटेच्या दोरीची उपमा दिली. इकडे दोरी ओढली की तिकडे घंटा वाजते. म्हणजे जितकी जखम तितकी कळ, आणि जखम नाही तर कळही नाही. हा हिशेब तीनशे वर्षे चालला.

१९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघा शास्त्रज्ञांनी तो मोडला. त्यांनी सांगितले की पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत एक फाटक आहे. आपल्या वडखळ नाक्यावर गोव्याची आणि अलिबागची वाहने एकदम आली म्हणजे पोलीस काही सोडतो, काही अडवतो. तसेच वेदनेच्या निरोपांचे होते. स्पर्शाचे निरोप आले तर वेदनेचे निरोप मागे पडतात. म्हणून तर पोर पडले की आई आधी गुडघा चोळते. आणि वरून मेंदूही हुकूम पाठवतो. भीती, चिंता, जागरण यांनी फाटक सताड उघडते. धीर आणि विश्वास यांनी ते काहीसे मिटते. या सिद्धांताचे तपशील पुढे बदलले, पण मूळ गोष्ट टिकली. वेदना नुसती जखमेत नसते, ती मज्जारज्जू आणि मेंदू मिळून घडवतात.

माझ्या बोटाचेही कोडे तिथेच सुटते. बोट गेले तरी मेंदूतल्या नकाशात त्याची जागा राहते, आणि तुटलेल्या नसेची टोकेही खोटे निरोप धाडत राहतात. डॉ. रामचंद्रन या मूळच्या तामिळनाडूतल्या शास्त्रज्ञाने १९९० नंतरच्या दशकात अशा रोग्यांपुढे आरसा ठेवला. शाबूत हाताचे प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दिसले की मेंदूची समजूत पटते आणि काहींची कळ उतरते. मीही करून पाहिले. थोडा उतार पडला, पुरता नाही.

आता अलीकडचे शोध. मिरच्या कुटताना हाताची आग होते हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. डेव्हिड ज्युलियस यांनी याच आगीचा माग काढला आणि १९९७ साली नसेच्या टोकावरचे एक सूक्ष्म दार शोधून काढले. ते मिरचीच्या तिखटाने उघडते आणि सुमारे ४३ अंशांच्या उष्णतेनेही उघडते. मिरची भाजत नाही, तरी भाजल्यासारखे वाटते ते यामुळे. या कामाबद्दल २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना पटापूटियन यांच्यासह मिळाले.

दुसरी हकीकत पाकिस्तानातली. तिथे एक मुलगा रस्त्यावर खेळ करी. निखाऱ्यांवर चाले, हातात सुरी खुपसून घेई. त्याला वेदना ठाऊकच नव्हती. चौदा वर्षांचा होण्याआधी छपरावरून उडी मारून तो मेला. त्याच्यासारखीच वेदना नसलेली काही माणसे तिथल्या तीन कुटुंबांत सापडली, आणि त्यांच्या नसांतले एक दार जन्मतःच निकामी असल्याचे २००६ साली सिद्ध झाले. वेदना हा आपला राखणदार आहे, हे त्या पोराच्या मरणाने शिकवले. त्याच जातीचे दुसरे एक दार बंद करणारे सुझेट्रिजिन नावाचे औषध अमेरिकेत ३० जानेवारी २०२५ रोजी मंजूर झाले. ते अफूच्या वर्गातले नाही, मेंदूवर काम करीत नाही. पण हुरळून जाऊ नये. मंजुरी शस्त्रक्रियेनंतरच्या दुखण्यासारख्या ताज्या वेदनेपुरती आहे. सायटिकाच्या एका चाचणीत या औषधाने जेवढा उतार पडला, तेवढाच औषध नसलेल्या गोळीनेही पडला.

मला सर्वांत मोठा शोध वाटतो तो औषधाचा नाहीच. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० साली सुधारली आणि सोबत स्वच्छ लिहिले की, एखाद्याने आपली वेदना सांगितली तर तिचा मान राखला पाहिजे. पुढे २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या यादीत तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या वेदनेला स्वतःची जागा मिळाली. जखम भरली तरी नसा चाळवलेल्याच राहू शकतात, हे आता मान्य आहे. मंडळी, मला जो रकाना सापडला नव्हता, तो निदान शास्त्राने तरी आखला आहे!

मग वेदना मोजायची कशाने? मेल्झॅकनेच १९७५ साली रोग्यांच्या तोंडचे शब्द गोळा करून मोजपट्टी केली. आपल्या भाषेत तर या शब्दांची रास आहे. कळ येते, ठणका लागतो, सणक जाते, उसण भरते, मुंग्या येतात, आग होते. यांतला प्रत्येक शब्द निराळे दुखणे सांगतो. डॉक्टरांपुढे नुसते "दुखते" म्हणू नका. कसे, कधी, कशाने वाढते ते सांगा. ती आपली साक्ष आहे.

आता आपल्या भागाकडे येतो. मिठागरात डोक्यावर पाट्या वाहिलेले म्हातारे, पेण-हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत तासन्‌तास मांडी घालून रंगकाम करणाऱ्या बाया, ट्रकवर हमाली करणारी पोरे, या सर्वांचे दुखणे एकच: कंबर. २०१८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात जगभरच्या तज्ज्ञांनी लिहिले की, साध्या कंबरदुखीत लांबलचक विश्रांती, उठल्यासुटल्या फोटो काढणे आणि घाईची शस्त्रक्रिया यांचा उपयोग नाही. हिंडतेफिरते राहावे, व्यायाम करावा. हे खरे आहे. पण मुकादम याचा अर्थ "चल, उचल पोते" असा करील! हिंडणे वेगळे आणि ओझे वाहणे वेगळे. हळूहळू वाढत जाणारे हलके काम मिळाले तरच हा सल्ला कामगाराच्या उपयोगाचा.

ते मिळत नाही म्हणून माणसे गोळी खातात. पाळीवर जाण्याआधी एक, सुटल्यावर एक. जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवले की ॲस्पिरिन शरीरात काही द्रव्ये तयार होऊ देत नाही, म्हणून सूज आणि वेदना उतरते. त्याच वाटेने जाणाऱ्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही ती द्रव्ये अडवतात. पण तीच द्रव्ये जठराचे अस्तर राखतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा चालू ठेवतात. उन्हात घाम गाळून शरीरातले पाणी आटले असताना अशा गोळ्या रोज घेणे म्हणजे मूत्रपिंडाशी वैर. गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅकने मेलेली जनावरे खाऊन देशातली गिधाडे मूत्रपिंड निकामी होऊन मेली. २००४ साली कारण कळले, २००६ साली गुरांसाठीच्या या औषधावर बंदी आली. आपल्याच जिल्ह्यात, म्हसळ्याजवळ चिरगावला, उरलेली गिधाडे जगवण्यासाठी माणसे झटली आहेत. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. पण मूत्रपिंड आपल्यालाही आहे.

उलट जिथे जोरकस औषध द्यायलाच हवे तिथे आपण कचरतो. मॉर्फिन अफूपासून होते. अफू आपल्याच देशात पिकते, गाझीपूर आणि नीमचला सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळात कॅन्सरचे असंख्य रोगी तळमळत राहिले. १९९३ साली कालिकतला डॉ. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काम उभे केले, पाठपुरावा केला, आणि २०१४ साली कायदा सुधारला. अमेरिकेत अशा औषधांचा सुकाळ होऊन माणसे मेली हे विसरू नये. पण म्हणून मरणाऱ्याला तळमळत ठेवणे हे शहाणपण नव्हे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन १९८६ पासून, पुण्यात वारज्याचे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून हे काम करीत आले आहे, आणि परळच्या टाटा रुग्णालयातही असा विभाग आहे. घरात रोगी असेल तर "मॉर्फिन म्हणजे शेवट" असे म्हणू नका; वेळेवर विचारा.

तात्पर्य, माझे मागणे तीनच गोष्टींचे आहे. दुखण्यातून उठलेल्याला चढत्या क्रमाने काम मिळावे. दुखणे टाळणारी साधने, बैठक आणि ओझ्याची मर्यादा आधी ठरावी, गोळी नंतर. आणि दुखते म्हणणाऱ्याला सोंगाड्या ठरवण्याआधी त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. पहिली दोन आपल्याला भांडून मिळवावी लागतील. तिसरे आज घरी गेल्यावरही करता येईल. घरात कोणी तरी कंबर धरून बसलेले असेलच.

माझे बोट अजून अधूनमधून ठणकते. परंतु ते खरोखर दुखते, हे आता मी कोणालाही न लाजता सांगतो.