क्ष-किरण खेड्याच्या दारीं

जर्मन शास्त्रज्ञ राँटगेन ह्यांस ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं एका अज्ञात किरणाचा शोध लागला. गणितांत अज्ञात राशीस 'क्ष' म्हणतात. म्हणून मराठींत त्याचें नांव क्ष-किरण पडलें. हाडांत हे किरण अडतात, म्हणून छायाचित्रांत हाडें पांढरीं दिसतात. हवेनें भरलेल्या निरोगी फुप्फुसांतून ते सहज पार होतात, म्हणून तीं काळीं दिसतात. क्षयानें फुप्फुसाचा कांहीं भाग दाटला, कीं तेथें पांढुरका डाग उमटतो. वैद्यांस ही गोष्ट फार दिवसांपासून ठाऊक आहे. प्रश्न उरला तो हा, कीं यंत्र रोग्यापर्यंत कसें न्यावें?

वाशीम जिल्ह्यांतील आसेगांवासारखें एखादें गांव डोळ्यांपुढें आणावें. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत मजुरास खोकला जडला, तर छायाचित्रासाठीं शहरीं जाणें म्हणजे दिवसाची मजुरी बुडवून वर गाडीभाडें भरणें. साहजिकच तो उद्यांवर ढकलतो, आणि तोंवर घरांतील मुलांबाळांसहि लागण होण्याचा धोका वाढतो. २०१९ ते २०२१ ह्या काळांतील राष्ट्रीय क्षयरोग पाहणींत असें आढळलें, कीं लक्षणें असलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ६४ जणांनीं उपचारासाठीं कोणाकडेहि धांव घेतली नव्हती. शिवाय सांपडलेल्या रुग्णांपैकीं शेंकडा ४२·६ रुग्ण छातीचें छायाचित्र काढलें नसतें तर निसटले असते. केवळ खोकल्याची चौकशी करून भागत नाहीं, तें ह्यामुळेंच.

आतां हातांत धरतां येईल एवढें, विजेरीवर चालणारें यंत्र निघालें आहे. ७ डिसेंबर १९२४ नव्हे, तर २०२४ रोजीं ३४७ जिल्ह्यांत सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयमोहिमेंत अशीं यंत्रें वापरण्यांत आलीं. छायाचित्र कांहीं क्षणांत पडद्यावर उमटतें, आणि संगणक त्यांतील संशयास्पद जागा दाखवितो. पंधरा वर्षें व त्यांवरील वयाच्या व्यक्तींच्या तपासणींत अशा संगणकाचा उपयोग करावा, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं केली. मुंबईच्या क्यूअर एआय ह्या कंपनीनेंहि असें वाचनतंत्र तयार केलें आहे.

परंतु संगणक देतो तो संशय; निदान नव्हे. जुन्या, बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण किंवा न्यूमोनियाहि तसाच डाग पाडूं शकतो. म्हणून बेडका तपासून जंतूंची खात्री करून घ्यावी लागते. त्यानंतर साध्या क्षयास सामान्यतः सहा महिने औषध घ्यावें लागतें. बरें वाटूं लागलें म्हणून तें मध्येंच सोडलें, तर रोग उलटण्याची व औषधास दाद न देण्याची भीति असते. रोग्याच्या पोषणासाठीं सरकार १ नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये देतें.

तेव्हां यंत्राची गाडी गांवांत येऊन गेली, एवढ्यानें काम संपत नाहीं. ज्याच्या छायाचित्रांत डाग दिसला, त्याच्या बेडक्याचा निकाल त्याच्या घरीं पोंचला काय, आणि सहाव्या महिन्याची गोळी त्यानें घेतली काय, हें पाहणारें माणूस गांवांत असलें पाहिजे. रुग्णालयाची खरी कसोटी तेथेंच लागते.