एका दिवसाच्या सहली : बोरिवलीच्या अरण्याभोंवतीं

सुट्टीचा दिवस जवळ आला म्हणजे मुंबईचें सुशिक्षित कुटुंब माथेरान, लोणावळें किंवा महाबळेश्वर यांचा विचार करूं लागतें. आणि सवड, पैसा किंवा तिकिटें यांपैकीं एकाची उणीव पडून तो विचार पुष्कळदां विचारच राहतो. वस्तुतः सकाळीं निघून दिवेलागणीच्या सुमारास घरीं परत येतां येईल, अशीं कितीतरी प्रेक्षणीय स्थळें शहराच्या कुशींतच आहेत. त्यांच्या मध्यभागीं बोरिवलीचें राष्ट्रीय उद्यान आहे. आज संजय गांधी यांचें नांव धारण करणारें हें सुमारें १०४ चौरस किलोमीटरांचें अरण्य मुंबई आणि ठाणें या दोन नगरांच्या दरम्यान पसरलेलें आहे. उद्यान पुष्कळांनीं पाहिलेलें असतें. परंतु भोंवतालचा प्रदेश त्याच्याशीं कोणत्या नात्यानें बांधला गेला आहे, याचा विचार थोडेच करतात.

या नात्याचा पहिला पुरावा अरण्याच्या पोटांतच आहे. कान्हेरीच्या काळ्या खडकांत शंभराहून अधिक लेणीं कोरलेलीं असून त्यांचें काम ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास सुरू होऊन पुढें कित्येक शतकें चाललें. भिक्षूंच्या निवासाच्या खोल्या, निजण्याचे दगडी ओटे आणि पावसाचें पाणी सांठविणारीं टांकीं पाहिलीं म्हणजे येथें केवळ देवालय नव्हे, तर एक वस्तीच नांदत होती हें ध्यानीं येतें. ही वस्ती जगली कोणाच्या आधारावर? त्याचें उत्तर भिंतींवरील शिलालेख देतात. सोपारा, कल्याण, नाशिक येथील दात्यांचीं नांवें त्यांत आढळतात. बंदरांतील व्यापाऱ्याचें धन डोंगरांतल्या भिक्षूच्या टांक्याला लागलें. यास्तव ज्याला कान्हेरी नीट समजून घ्यावयाची असेल, त्यानें दुसऱ्या सुट्टीला सोपाऱ्यास जावें.

पश्चिम रेल्वेच्या नालासोपारा स्थानकावरून तेथें सहज जातां येतें. आज तेथें विटांचा एक खचलेला स्तूप तेवढा दिसतो, आणि कांहीं प्रेक्षक निराश होऊन परततात. परंतु इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं याच ठिकाणीं, ‘बुरूड राजाचा कोट’ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या टेकाडांत, उत्खनन केलें, तेव्हां एक मोठी दगडी पेटी सांपडली. तींत एकांत एक ठेवलेले करंडक होते, त्यांभोंवतीं बुद्धांच्या आठ लहान धातुमूर्ति मांडलेल्या होत्या, आणि सर्वांच्या आंत सोन्याच्या करंडकांत मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे जपून ठेवलेले होते. या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत आहेत. त्याच वर्षीं सोपाऱ्यास अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही मिळाला. या शासनाचा विषय सहलीचाच आहे, हा योगायोग मोठा मनोरंजक होय. पूर्वींचे राजे शिकारीसाठीं व मौजेसाठीं विहारयात्रा करीत. अशोकानें त्यांच्या जागीं धर्मयात्रा सुरू केल्या, आणि त्यांत वृद्धांची भेट, दान व खेड्यांतील लोकांशीं संभाषण यांना स्थान दिलें, असा त्याचा आशय आहे.

सोपाऱ्याहून वसईचा किल्ला जवळच आहे. इ. स. १५३४ मध्यें गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांना वसई मिळाली आणि सुमारें दोनशें वर्षें ती त्यांच्या वैभवाचें ठिकाण होती. इ. स. १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं ती मोठ्या प्राणहानीनंतर जिंकली. चर्चांतील घंटा तेव्हां महाराष्ट्रांतील देवळांत गेल्या; नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील प्रसिद्ध घंटा त्यांपैकींच होय. याच वसईचें नांव इ. स. १८०२ च्या तहानें पुन्हां इतिहासांत आलें, आणि त्या तहानें पेशवाईचें स्वातंत्र्य गहाण पडलें. एकाच गांवीं मराठ्यांच्या पराक्रमाची आणि पतनाची स्मृति मिळावी, असें उदाहरण विरळा. ज्यांच्यापाशीं वाहन असेल त्यांनीं पुढें तानसा नदीकांठीं वज्रेश्वरीस जावें. वसई सर झाल्यास देवीचें मंदिर बांधीन, असा चिमाजी अप्पांचा नवस होता, असें परंपरा सांगते. जवळच अकलोली व गणेशपुरी येथें उष्ण पाण्याचीं कुंडें आहेत.

अर्धाच दिवस हातीं असेल, तर बोरिवलीजवळचें मंडपेश्वर पुरेसें आहे. शिवाच्या या लेण्यांत पोर्तुगीजांनीं चर्च थाटलें आणि कोरीव भिंतीवर क्रूस कोरला. शेजारींच नटराजाचें शिल्प आहे. एका भिंतीवर दोन धर्म वाचावयास मिळतात.

आतां एक गंभीर गोष्ट. हीं सर्व स्थळें ज्या अरण्याच्या भोंवतीं आहेत, त्याच्या पोटीं विहार आणि तुळशी हे तलाव आहेत. विहार इ. स. १८६० मध्यें आणि तुळशी इ. स. १८७९ मध्यें पुरा झाला. नळाचें पाणी मुंबईला प्रथम विहारनेंच पाजलें. अरण्य आहे म्हणून तलाव आहेत. आणि अरण्य जगावयाचें तर त्याला शेजार हवा. वसईच्या खाडीपलीकडे तुंगारेश्वराचें जंगल आहे. मधल्या वाटा बुजल्या म्हणजे बोरिवलीचें अरण्य बेट बनेल. इ. स. २००९ मध्यें माळशेज घाटांत सोडलेला, ‘आजोबा’ या नांवानें ओळखला जाणारा बिबट्या रेल्वेमार्ग आणि रस्ते ओलांडीत सुमारें १२० किलोमीटर चालून मुंबईनजीकच्या या रानापर्यंत आला. त्याच्या गळ्यांतील पट्ट्यामुळें ही वाट अभ्यासकांना कळली. इ. स. २०११ मध्यें महामार्गावर वाहनाची धडक बसून तो मेला. जी वाट जनावराला मोकळी नाहीं, ती उद्यां पाण्यालाही मोकळी राहणार नाहीं.

म्हणून सहलीला जाणाऱ्या कुटुंबानें थोडें पथ्य पाळावें. पावसाळा सरल्यावर माघ महिन्यापर्यंतचा काळ निवडावा. राष्ट्रीय उद्यान सोमवारीं बंद असतें हें लक्षांत ठेवावें. माकडांना खाऊ घालूं नये, भिंतींवर नांवें कोरूं नयेत, आणि शिदोरीचे कागद घरीं परत आणावे. मुलांना मात्र एक गोष्ट अवश्य दाखवावी : कान्हेरीच्या शिलालेखांतील सोपाऱ्याचें नांव. तें एकदां कळलें कीं अरण्य, बंदर आणि किल्ला हीं तीन निरनिराळीं स्थळें नसून एकाच भूमीची कथा आहे, हें त्यांना आपोआप उमजेल; आणि ज्यानें ही कथा ओळखली, तो तिचें एखादें पान फाटूं देण्यास सहसा तयार होणार नाहीं.