वसईतील एक दिवस

श्रोतेहो, सहलीहून परतलेल्या माणसाला 'काय काय पाहिलेत?' असे विचारा. किल्ला, देऊळ, समुद्र अशी यादी तो घडाघडा म्हणून दाखवील. पण 'कुणाकुणाला भेटलात?' असे विचारलेत, तर बहुधा तो गप्प बसेल. माझेही असेच होते. पालघर जिल्ह्यातल्या वसई भागात काढलेल्या एका दिवसाने माझी ही खोड मोडली. तो दिवस आज तुम्हांला सांगतो.

मुंबई-अहमदाबाद रस्ता सोडून आमची मोटार पश्चिमेला वळली आणि ऊन चढायच्या आत आम्ही वसईच्या किल्ल्यात पोहोचलो. छप्पर नसलेली उंच चर्चे, भिंतींत शिरलेली झाडांची मुळे आणि पलीकडे खाडी. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. पुढे दोनशे वर्षांनी, १७३९च्या मे महिन्यात, चिमाजी आप्पांच्या फौजेने किल्ला जिंकला. इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या. त्यांतली एक नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात आहे. आम्ही फोटो काढले, 'झाला किल्ला पाहून' म्हटले आणि निघालो.

निर्मळकडे जाताना रस्ता वाड्यांमधून जातो. दोहों बाजूंना केळी, नारळ, पानवेली आणि फुलझाडे. एका वाडीच्या दाराशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्या बाबांना वाट विचारली. वाट सांगून ते म्हणाले, "उन्हाचे आलात, पाणी पिऊन जा."

विहिरीचे पाणी आले. काय त्याची गोडी! मी विचारले, "बाबा, समुद्र इतका जवळ, मग पाणी गोड कसं?"

बाबांना हा प्रश्न फार आवडला असावा. "चला, दाखवतो," म्हणून ते आम्हांला वाडीच्या सखल कोपऱ्यात घेऊन गेले. तिथे झाडांच्या सावलीत एक तळे होते. इकडे त्याला बावखल म्हणतात. पावसाचे पाणी या बावखलात साठते, हळूहळू जमिनीत मुरते आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला विहिरीपासून दूर ठेवते. पूर्वजांनी खणलेली ही साधी सोय, पण साऱ्या वाडीचा जीव तिच्यात. "शेजारच्यांनी त्यांचं बावखल बुजवलं," बाबा म्हणाले. "त्यांची विहीर मचूळ झाली. आता पाहुणा आला की बाटली आणायला दुकानात पळतात."

तोवर घरातून मावशींची हाक आली, "जेवल्याशिवाय जायचं नाही हं!" तांदळाची भाकरी, मासळीचे कालवण आणि शेवटी सुकेळी. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवली की ही मधासारखी सुकेळी होतात. कार्तिकात निर्मळच्या जत्रेत ती मिळतात. निघताना मी खिशाकडे हात नेला, तशा मावशी रागावल्या. मग बाबांनीच मला विचारले, "तुमच्या गावी पाण्याचं कसं आहे?"

श्रोतेहो, मला नीट उत्तर देता आले नाही. नळ कुठे आहे ते मला ठाऊक होते. पाणी कुठून येते ते ठाऊक नव्हते.

दुपारी सोपाऱ्याला गेलो. प्राचीन शूर्पारक बंदर ते हेच. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला स्तूप उकरला. त्याच साली इथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. त्या लेखात काय आहे, ठाऊक आहे? पूर्वीचे राजे शिकारीसाठी, मौजेसाठी यात्रेला निघत. अशोकाने ती रीत बदलली. श्रमण-ब्राह्मणांना, वृद्धांना भेटावे, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटून त्यांच्याशी धर्माची विचारपूस करावी, अशी यात्रा त्याने सुरू केली. म्हणजे सहल कशी करावी, हे बावीस शतकांपूर्वीच या मातीत दगडावर कोरून ठेवले होते! आणि आम्ही निघालो होतो फोटो काढायला.

संध्याकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बसलो. समोर बेटावरचा किल्ला सांजावत होता. मागे विरार-नालासोपाऱ्याच्या उंच इमारतींत दिवे लागत होते. त्या घरांनाही पाणी लागणारच. त्यांत राहणाऱ्यांना दोष कसा द्यावा? पण बावखल बुजवून बांधलेल्या घराची तहान कोण भागवणार? १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि इथल्या लोकांनी हरित वसईसाठी चळवळ केली, ती याच काळजीपोटी. आता काही गावांत तरुण मंडळी बावखले साफ करू लागली आहेत.

गुरुजी, तुम्ही मुलांना घेऊन वसईला जाल, तर किल्ला जरूर दाखवा. पण एखाद्या वाडीत परवानगी घेऊन बावखलही दाखवा. आणि निघण्यापूर्वी मुलांना आपल्याच गावातली जुनी विहीर, जुने तळे शोधायला सांगा. म्हाताऱ्या माणसांना चार प्रश्न विचारायला सांगा. नाहीतर कुणी यजमान गोड पाणी देऊन तुमच्या गावची चौकशी करील, आणि माझ्यासारखी तुमचीही मान खाली जाईल.

मी घरी परतल्यावर पहिले काम तेच केले. आमच्या आळीतल्या सर्वांत वृद्ध आजींकडे गेलो आणि विचारले, "आजी, नळ यायच्या आधी आपण पाणी कुठलं पीत होतो?"