गच्ची ते न्हाणीघर

सौर बंबांचा धंदा करणारे आणि तो करून थकलेले माझे मित्रहो,

अध्यक्षपद दिलंत, आभारी आहे. माझ्याहून जाणती माणसं या सभागृहात बसली आहेत. प्रथेप्रमाणे हे म्हणायचं असतं, आणि या वेळी ते खरंही आहे. स्वागत समितीने राहण्याजेवण्याची व्यवस्था उत्तम ठेवली. खोलीतल्या गरम पाण्याबद्दल आत्ताच काही बोलत नाही.

अध्यक्षाने क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी अपेक्षा असते. घेतो. १८९१ साली बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्पने काळ्या टाक्या काचेचं झाकण असलेल्या पेटीत बसवून पेटंट घेतलं. दिवसा पाणी तापे, रात्री निवून जाई. १९०९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात विल्यम बेलीने तापवणारा भाग, म्हणजे कलेक्टर, वेगळा केला आणि टाकीला वेष्टण घातलं. आज आपण विकतो त्याचं मूळ तिथे आहे. इस्राएलने १९८० मध्ये नव्या घरांना सौर बंब कायद्याने सक्तीचा केला. आपल्याकडे २०१० च्या राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत दोन कोटी चौरस मीटर कलेक्टरांचं उद्दिष्ट धरलं. अनुदान आलं, अनुदान गेलं. २०२४ पासून सूर्यघर योजनेत छतावरच्या विजेला पैसे आहेत, आपल्या गरम पाण्याला नाहीत. झाला आढावा.

आता मला जे बोलायचं आहे ते बोलतो. मला पाइपाबद्दल बोलायचं आहे. बरीच वर्षं बोलायचं आहे. पण दर संमेलनात प्लंबिंगचा विषय जेवणाच्या आधी पाच मिनिटांवर येतो आणि वेळेअभावी राहून जातो. आज माइक माझ्या हातात आहे.

कलेक्टर फ्लॅट प्लेटचा की काचेच्या ट्यूबचा, हा आपला जुना तंटा. कालच्या सत्रातही त्यावर आवाज चढले. माझ्यापुरता त्याचा निकाल पुण्यातल्या एका सोसायटीत लागला. तक्रार अशी, की संध्याकाळी टाकीचा काटा साठ अंशांवर, आणि पहाटे पाणी थंडगार. दोन जाणकार येऊन गेले होते. एक म्हणाला ट्यूब खराब, सगळ्या बदला. दुसरा म्हणाला ट्यूबच नको, माझी प्लेट घ्या. मी गेलो तेव्हा बरोबर आमचा फिटर होता. पहाटे पाचला गच्चीवर पोचलो. त्याने ट्यूबकडे पाहिलंसुद्धा नाही. व्हेंट पाइपाखाली गच्चीवर ओला पट्टा होता, त्यात शेवाळ धरलं होतं, तिथे तो उकिडवा बसला. म्हणाला, “साहेब, खालून थंड पाणी वर चढतंय.” मग एकेका मजल्यावर गरम लाइनीला हात लावत उतरला. तिसऱ्या मजल्यावर एका घरात वॉल मिक्सरच्या दोन्ही चाव्या पूर्ण उघड्या होत्या. त्या घरातल्या आजींना चाव्या पिळवत नव्हत्या, म्हणून त्या तशाच सोडून हँड शॉवरच्या बटणानेच पाणी बंद करत. थंड लाइनीला प्रेशर पंप होता. रात्रभर थंड पाणी मिक्सरमधून गरम लाइनीत घुसून टाकीपर्यंत जात होतं आणि तापवलेलं पाणी व्हेंटमधून सांडत होतं. फिटरने प्रत्येक घराच्या गरम फाट्यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला. आजींच्या चाव्या उघड्याच राहिल्या. दुसऱ्या दिवशी पाणी कडकडीत. ट्यूब त्याच होत्या.

त्या ओल्या पट्ट्यावरून दोन्ही जाणकार चालत गेले होते. कारण त्यांचं लक्ष जे विकायचं त्याच्यावर होतं.

हिशेब सोपा आहे. एक इंची पाइपात मीटरमागे सुमारे अर्धा लिटर पाणी मावतं. दहा मजली इमारतीच्या गच्चीवरून तळमजल्यापर्यंत तीसेक मीटर. म्हणजे पंधरा लिटर. रात्रभर पाइपात निवलेलं हे पाणी आधी मोरीत जातं आणि मग गरम पाणी येतं. रोज एक बादली. आंघोळीलाही दीड-दोन बादल्याच लागतात! उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायट्यांतून हे चालतं आणि वर आपण पर्यावरणाच्या गोष्टी करतो. घरातल्या बायका ते पाणी फरशीला, कपड्यांना वापरून घेतात, म्हणून तक्रार आपल्यापर्यंत येत नाही इतकंच. उपाय ठाऊक आहे: परतीची लाइन घाला, छोटा पंप लावा, पहाटे अर्धा तास पाणी फिरवा. पण परतीच्या लाइनीचा खर्च कोटेशनमध्ये दिसतो आणि मोरीत गेलेली बादली कुठल्याच कोटेशनमध्ये दिसत नाही.

वेष्टणाचंही तेच. टाकीला दोन इंच पफ घालतो आणि माहितीपत्रकात रंगीत आकृती छापतो. त्याच टाकीतून निघालेला पाइप गच्चीवर उघडा. कुठे काळी रबरी नळी चढवली तर तिच्यावर पत्रा नाही. दोन-तीन उन्हाळ्यांत ती तडकते, कावळे तिचे तुकडे ओढून नेतात. बेलीला १९०९ मध्ये जे कळलं ते आपल्याला टाकीपुरतंच कळलं.

आपल्या आज्यांच्या तांब्याच्या बंबाला ही अडचण नव्हती. मधल्या नळीत निखारे, भोवती पाणी. वरून तांब्याभर गार ओतलं की तोटीतून कढत बाहेर. पण तो बंब न्हाणीघराच्या दाराशी असे. बादली तोटीखाली, शेजारी विसणाचं पाणी. आपण बंब गच्चीवर नेला, लाकूडफाटा आणि धूर वाचवला, हे मोठंच काम झालं. मधलं अंतर मात्र कुणाच्या तरी भरवशावर सोडून दिलं.

आता दुसरा वाद. आमचे तरुण मित्र म्हणतात, सौर बंबाचे दिवस संपले. छतावर वीज करा आणि गीझर लावा. मी त्यांना आकडे देतो. शंभर लिटर पाणी पस्तीस अंशांनी तापवायला सुमारे चार युनिट लागतात. प्लेटला त्यासाठी दोन चौरस मीटर पुरतात. विजेच्या पॅनेलला तेवढ्याच चार युनिटांसाठी एक किलोवॉट लागतो, म्हणजे पाच-सहा चौरस मीटर. हीट पंप आणला तर वीज एक तृतीयांशावर येते, हे मान्य. पण त्याची किंमत विचारा. जागेच्या हिशेबात आपण आजही पुढे आहोत.

तरी गिऱ्हाईक तिकडे जातंय. का? गीझर बाथरूममध्ये टांगलेला असतो म्हणून! तार कितीही लांब असली तरी ती मोरीत बादली ओतत नाही. हा पराभव कलेक्टरचा नाही, आपल्या पाइपाचा आहे. आणि सरकारचं अनुदान गेलं म्हणून रडणाऱ्यांना मी विचारतो, अनुदान होतं तेव्हा कशावर होतं? कलेक्टरवर. बिल्डरला पूर्णत्वाचा दाखला कशावर मिळतो? गच्चीवर टाकी दिसण्यावर. तळमजल्याच्या नळाखाली थर्मामीटर धरलेला मी तरी पाहिलेला नाही.

काही कामं हाती घ्यावी लागतील. गच्ची ते शेवटचा नळ अशी तपासणी व्हावी, तिचा एक साधा तक्ता असावा. माहितीपत्रकावर टाकीच्या लिटरांबरोबर पाइपाची लांबीही लिहावी. बोअरच्या पाण्याने ट्यूबमध्ये क्षार धरतात, त्यावरही बोललं पाहिजे, पण तो विषय मोठा आहे. आर्किटेक्टांना एकदा बोलवावं आणि बाथरूम एकाखाली एक का घेत नाही ते विचारावं. समिती नेमायची तर नेमा. मला अध्यक्ष करू नका.

शेवटचं सांगतो. बाहेर मांडवात ज्यांनी रात्रभर बसून प्रदर्शनातले बंब जोडले, ते फिटर या सभागृहात नाहीत. त्यांच्या गळ्यात प्रतिनिधीचा बिल्ला नाही, नाश्त्याची कुपनं तेवढी आहेत. चर्चा करायला आपण, आणि पहाटे पाचला गच्चीवर ते. दुपारच्या सत्राला पुढच्या दोन रांगा त्यांच्यासाठी मोकळ्या ठेवा आणि पहिला तास त्यांना बोलू द्या. कंपन्यांची सादरीकरणं त्यानंतर. वेळ उरला तर.