दान आणि पत

दारिद्र्याविषयी ख्रिस्ती धर्मग्रंथांत दोन सूर ऐकू येतात, आणि प्रथमदर्शनी ते परस्परविरोधी वाटतात. एकीकडे येशू ख्रिस्ताने दीनांना धन्य म्हटले आहे आणि एका श्रीमंत तरुणाला सर्वस्व विकून ते गोरगरिबांत वाटून टाकण्याचा उपदेश केला आहे. दुसरीकडे जुन्या करारातील नियमशास्त्र दारिद्र्याला पायबंद घालण्यासाठी कायदेच करून ठेवते. शेताच्या कडेचे पीक कापू नये, सुगीनंतर पडलेली कणसे वेचू नयेत, ती गरिबांसाठी व परक्यांसाठी राखावीत. गरजू बांधवाकडून व्याज घेऊ नये. पन्नासाव्या, म्हणजे योबेलच्या वर्षी, हातची गेलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुळाला परत मिळावी, असे हे नियम आहेत. पायताणाच्या एका जोडासाठी गरिबाचा सौदा करणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने जे कोरडे ओढले, ते याच परंपरेतले होत.

या दोन सुरांचा मेळ ख्रिस्ती विचारवंतांनी एका साध्या भेदाने घातला. स्वखुशीने पत्करलेले दारिद्र्य वेगळे आणि माथी मारले गेलेले दारिद्र्य वेगळे. असिसीच्या फ्रान्सिसने तेराव्या शतकाच्या आरंभी बापाचा व्यापार व वैभव सोडून फाटकी कफनी चढविली, ती साधना होय. परंतु कर्जापायी गाय गमावलेल्या शेतकऱ्याचे दारिद्र्य ही साधना नव्हे. तो त्याच्यावर झालेला अन्याय होय, आणि तो दूर करणे हे शेजाऱ्याचे कर्तव्य ठरते. भुकेल्याला दिलेले अन्न आपल्यालाच पोहोचते, असे मत्तयकृत शुभवर्तमानात येशूने सांगितल्यामुळे या कर्तव्याला उपासनेची योग्यता आली.

आद्य ख्रिस्तमंडळीने हे कर्तव्य आरंभापासूनच व्यवस्थेत बसविले. विधवांना अन्नवाटपात डावलले जाते अशी तक्रार येताच त्या कामासाठी सात जण नेमण्यात आले, असे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे. इसवी सन ३६९ च्या सुमारास कप्पडोकियातील कैसरिया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील कायसेरी येथे, भीषण दुष्काळ पडला. त्या वेळी बेसिल नावाच्या धर्मगुरूने कोठारे भरून ठेवणाऱ्या धनिकांना खडसावून भुकेल्यांसाठी अन्नाची सोय केली. पुढे बिशप झाल्यावर त्याने नगराबाहेर रुग्ण, कुष्ठरोगी व निराधार यांच्यासाठी एक मोठी वसाहत उभारली. ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक असलेला सम्राट जूलियन यानेही, हे लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात, अशी खंत एका पत्रात व्यक्त केली आहे.

तथापि दानाच्या या उज्ज्वल परंपरेत एक वैगुण्य हळूहळू शिरले. मध्ययुगीन युरोपात दान हे दात्याच्या आत्म्याच्या उद्धाराचे साधन मानले जाऊ लागले. मठाच्या दारी रोज भाकरी वाटली जाई. घेणाऱ्याची आजची भूक भागे, परंतु उद्या तो पुन्हा त्याच दारी उभा राही. दात्याला पुण्य मिळाले, घेणाऱ्याच्या पदरी याचकपण कायम राहिले. दुष्काळात, महापुरात, साथीच्या रोगात दानाला पर्याय नाही, हे खरेच. परंतु ते कायमची व्यवस्था होऊन बसले की गरिबाची पत जाते. मराठीत 'पत' या शब्दाला बाजारातील विश्वास आणि समाजातील मान असे दोन्ही अर्थ आहेत. गरिबाची ही दुहेरी पत त्याला परत मिळवून देण्याचा एक मोठा प्रयोग एकोणिसाव्या शतकात जर्मनीत झाला, आणि तो केला एका मुलकी अधिकाऱ्याने.

फ्रीडरिख विल्हेल्म रायफायझेन यांचा जन्म १८१८ चा. डोळ्यांच्या विकारामुळे त्यांना सैन्यातील नोकरी सोडावी लागली आणि १८४५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ऱ्हाइन नदीलगतच्या वेस्टरवाल्ड या डोंगराळ मुलखातील वायरबुश येथे काही गावांचे मुलकी प्रमुख म्हणून ते रुजू झाले. पुढच्याच वर्षी पीक बुडाले. १८४६-४७ च्या हिवाळ्यात सरकारी पीठ आले, पण रोख पैसे मोजणाऱ्यालाच ते द्यावे अशी अट होती. ज्यांच्याजवळ रोख होती त्यांची उपासमार नव्हतीच. रायफायझेन यांनी ती अट बाजूला सारून पीठ उधारीवर वाटले, गावातील सधन लोकांकडून निधी जमवून धान्य आणले आणि गावातच भट्टी बांधून स्वस्त पाव विकण्यास प्रारंभ केला. हे त्यांचे ख्रिस्ती शेजारधर्माचे पहिले पाऊल होते.

दुसरे पाऊल १८४९ मध्ये फ्लामर्सफेल्ड येथे पडले. तेथील शेतकरी गुरांच्या दलालांच्या व सावकारांच्या कर्जात बुडालेले होते. सुमारे साठ सधन गृहस्थांनी हमी दिली, आणि तिच्या बळावर गरीब शेतकऱ्यांना हप्त्यांनी फेडण्याच्या बोलीने गुरे मिळू लागली. पुढे १८५४ मध्ये हेडेसडॉर्फ येथे स्थापन झालेल्या संस्थेने तर अनाथ मुलांचा सांभाळ, तुरुंगातून सुटलेल्यांना काम आणि ग्रंथालय अशी अनेक कामे अंगावर घेतली. पण काही वर्षांतच धनिकांचा उत्साह ओसरला. श्रीमंताच्या दयेवर उभी असलेली संस्था ती दया आटताच कोसळते, हा धडा रायफायझेन यांना मिळाला.

या धड्यातून १८६४ मध्ये हेडेसडॉर्फची पतपेढी जन्मली. कर्ज घेणाराच तिचा सभासद झाला. सर्वांच्या कर्जाला सर्वांची अमर्याद हमी. प्रत्येकास एकच मत. पदाधिकाऱ्यांचे काम विनावेतन. नफा वाटून न घेता अविभाज्य गंगाजळीत जमा. आणि कर्ज ज्या कारणासाठी मागितले त्याच कारणासाठी खर्च झाले की नाही यावर शेजाऱ्यांची नजर. कार्यक्षेत्र मात्र मुद्दाम लहान ठेवलेले, शक्य तेथे एका चर्चच्या धर्मग्रामाएवढे. जेथे लोक एकमेकांना बारशापासून मर्तिकापर्यंत ओळखतात, तेथे कोण कष्टाळू आणि कोण उधळ्या हे सांगण्यास कागदपत्रांची गरज पडत नाही. चर्चजवळ पैसा नसला तरी ही ओळख असते, आणि रायफायझेन यांनी या ओळखीचेच भांडवल केले. अनेक गावी पाद्री व शाळामास्तर हेच या पेढ्यांचे आधारस्तंभ झाले. दृष्टी जवळजवळ गेल्यावर त्यांची कन्या आमालिये त्यांचा पत्रव्यवहार सांभाळी. १८८८ मध्ये त्यांचे निधन झाले, तोवर या पेढ्या जर्मनीत दूरवर पसरल्या होत्या.

या चित्राची काळी बाजूही सांगितली पाहिजे. त्या भागातील गुरांचे व्यापारी व सावकार यांत ज्यू पुष्कळ होते, आणि रायफायझेन यांच्या लेखनात व पुढील चळवळीत ज्यूंविषयीचा विखारी पूर्वग्रह डोकावतो. शेजारधर्माच्या नावाने उभ्या राहिलेल्या कार्यात एखाद्या शेजाऱ्यालाच वगळले जाऊ शकते, हा इशारा येथून घ्यावयाचा.

हिंदुस्थानात ही कल्पना आली तीही मुलकी अधिकाऱ्याच्याच हातून. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले, तेव्हापासून ग्रामीण कर्जाचा प्रश्न सरकारला टाळता येईना. मद्रास इलाख्याचे फ्रेडरिक निकल्सन यांनी १८९५ व १८९७ मध्ये सादर केलेल्या अहवालाचा निष्कर्ष, रायफायझेनसारखा माणूस शोधा, असा होता. १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. १९०५ मध्ये तत्कालीन मुंबई इलाख्यातील गदगजवळ कणगिनहाळ येथे संस्था निघाली. परंतु कायदा आला तरी माणूस गावोगाव सापडला नाही. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणीच्या अहवालात, शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी जेमतेम तीन टक्के सहकारी संस्थांकडून मिळत असल्याचे दिसून आले.

चर्चने या कल्पनेचे काय केले, याचे उत्तर छोटानागपुरात मिळते. तेथे मुंडा व उराँव लोकांच्या पूर्वजांनी जंगल तोडून केलेल्या जमिनी बाहेरून आलेल्या जमीनदारांकडे व सावकारांकडे चालल्या होत्या. १८८५ पासून बेल्जियन जेझुइट कॉन्स्टंट लीवेन्स यांनी कोर्टकचेऱ्यांत आदिवासींची बाजू घेतली, आणि हजारो लोक चर्चमध्ये आले. ते श्रद्धेपोटी आले की खटल्यापोटी, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि आजही तो टाळता येत नाही. बिरसा मुंडा यांनी उठाव केला तेव्हा त्यांच्या अनुयायांना मिशनरी आणि सरकार यांत फारसा फरक दिसला नाही. १८९९ च्या नाताळच्या सुमारास सरवदा येथील मिशनवर बाण सुटले. ज्यांना साहाय्य द्यावयाचे त्यांच्या दृष्टीने आपण कोण आहोत, हे त्या बाणांनी चर्चला कठोरपणे सांगितले.

त्याच सरवद्यात जर्मन जेझुइट योहान बाप्टिस्ट हॉफमन राहत होते. त्यांनी मुंडारी भाषा आत्मसात केली, त्या लोकांच्या जमीनधारणेच्या चालीरीती लिहून काढल्या, आणि खुंटकट्टी हक्कांना संरक्षण देणाऱ्या १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्याच्या घडणीस हातभार लावला. लगेच १९०९ मध्ये त्यांनी रायफायझेन यांच्या धर्तीवर कॅथलिक पतसंस्था स्थापन केली. कायद्याने जमीन राखली तरी बी-बियाण्यासाठी सावकाराचे दार चुकले नाही, तर ती पुन्हा गहाण पडणार. आणि पतपेढी काढली तरी जमिनीवरचा हक्कच डळमळीत असेल, तर कर्ज कशाच्या आधारावर द्यायचे? हक्क आणि पत ही जोडी त्यांनी ओळखली. महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून १९१५ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, तरी संस्था टिकली, कारण ती एका माणसाच्या दयेवर उभी नव्हती. तिचे दार कॅथलिकांपुरतेच उघडे होते, ही मात्र तिची मर्यादा होय.

या इतिहासातून चर्चच्या कार्याची दिशा पुरेशी स्पष्ट होते. संकटकाळी अन्न द्यावे, आणि ते श्रद्धेची अट न घालता द्यावे. संकट ओसरल्यावर प्रत्येक मंडळीने आपल्या परिसरातील गरिबाचे कर्ज किती, कोणाचे आणि कोणत्या व्याजाचे, हे जाणून घ्यावे. भारतात १९९२ पासून बँकांशी जोडल्या गेलेल्या बचतगटांतही परस्पर हमीचे हेच तत्त्व आहे. चर्चने आपली जागा, आपले हिशेब जाणणारे लोक आणि आपली ओळख अशा गटांच्या उपयोगी आणावी, आणि सभासदत्वाला धर्माची चौकट घालू नये. सातबारा, कूळहक्क, किमान वेतन अशा बाबतींत कायद्याचे साहाय्य द्यावे. कारण न्यायाने जे देणे आहे ते दान म्हणून देऊ नये, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले आहे. शेवटी, संस्था सभासदांच्या हाती सोपवून बाजूला होण्याची तयारी ठेवावी. हे सर्वांत अवघड आहे, कारण देणाऱ्याला आपले महत्त्व सोडवत नाही.

गरिबाला भाकरी देणारा त्याची आजची रात्र सुखाची करतो. त्याच्या शब्दाला जामीन राहणारा त्याला पंक्तीत बरोबरीचे पान मांडतो. येशूने जेवणाच्या पंक्तीला अवमानितांना सोबत घेतले होते. दारिद्र्याविषयीचा ख्रिस्ती विचार अखेर त्या पंक्तीपाशीच येऊन पोहोचतो.