आधी नळ, मग नोटीस

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



उपाहारगृहे, खानावळी आणि खाद्यपदार्थांच्या गाड्या यांची सरकारी तपासणी हा विषय समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात यावा, याचे काहींना नवल वाटेल. वेतन, घरे, बेकारी या प्रश्नांपुढे हॉटेलातल्या मोरीची स्वच्छता ही बाब किरकोळ भासते. परंतु बाहेरचे अन्न खातो कोण, हे पाहिले म्हणजे ही समजूत टिकत नाही. बांधकामावरचा मजूर, रिक्षाचालक, बाजारातला हमाल, खोलीत चूल नसलेला परगावचा कामगार, शाळेत माध्यान्ह भोजन घेणारे मूल, यांपैकी कोणीही हौसेखातर बाहेर जेवत नाही. दुसऱ्याच्या हातचे अन्न ही त्यांची गरज आहे. सुखवस्तू माणसाला अन्नातून बाधा झाली तर तो औषध घेतो आणि चार दिवस पडून राहतो. रोजंदारीच्या मजुराला विषमज्वर झाला तर त्याची कित्येक आठवड्यांची मजुरी बुडते आणि घर सावकाराच्या दारी जाते. स्वच्छ अन्नाचा प्रश्न हा म्हणूनच श्रमिकांचा प्रश्न आहे.

तथापि या प्रश्नावर कार्यकर्त्याची नेहमी द्विधा होते. महापालिकेची गाडी येते, फेरीवाल्याचे सामान उचलले जाते, तो संघटनेकडे धाव घेतो आणि कार्यकर्ता त्याच्या बाजूने उभा राहतो. हे योग्यच आहे. परंतु त्याच गाडीवर दोन वेळा पोट भरणारा मजूरही श्रमिकच असतो. त्याची बाजू कोणी मांडावयाची? विक्रेत्याची उपजीविका आणि खाणाऱ्याचे आरोग्य यांपैकी एकासाठी दुसऱ्याचा बळी देणारे धोरण समाजवादी म्हणता येणार नाही. ही दोन्ही हिते एकत्र राखणारी तपासणी कशी असावी, एवढाच येथे विचारावयाचा प्रश्न आहे.

अन्नाचा धोका मुख्यतः दोन प्रकारचा असतो: भेसळीचा आणि संसर्गाचा. भेसळीची चर्चा फार होते. संसर्गाची होत नाही. विषमज्वर, कावीळ, पटकी, जुलाब हे रोग पोहोचतात ते दूषित पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून, कच्च्या मांसाची सुरी शिजलेल्या अन्नाला लागल्याने आणि शिजवलेले अन्न तासन्‌तास कोमट राहिल्याने. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून अन्न एक तर गरम ठेवावे किंवा पुरेसे थंड. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सांगितलेले पाच नियम याच अनुभवाचे सार आहेत: स्वच्छता राखा, कच्चे आणि शिजलेले वेगळे ठेवा, पूर्ण शिजवा, योग्य तापमानात ठेवा, सुरक्षित पाणी आणि कच्चा माल वापरा.

यांपैकी एकही गोष्ट ताटाकडे पाहून कळत नाही. विषमज्वराची लक्षणे दिसावयास एक ते तीन आठवडे लागतात. काविळीचा एक प्रकार उमटावयास त्याहूनही अधिक काळ जातो. तोवर कोणत्या जेवणाने घात केला हे खाणाऱ्याला आठवत नाही. वाईट दुकान ग्राहक आपोआप टाळतील, हा बाजारपेठेच्या भक्तांचा युक्तिवाद येथे पायातच कोसळतो. जे ग्राहकाला दिसू शकत नाही ते पाहण्यासाठी समाजाने नेमलेला माणूस लागतो. तपासणीचे समर्थन एवढेच, आणि ते पुरेसे आहे.

आपल्याकडे ही तपासणी कशी चालते? मुंबईत उपाहारगृहाला महानगरपालिकेचा परवाना लागतो तो १८८८ च्या अधिनियमाखाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली संसदेने अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा केला. त्याचा भर नमुना घेणे आणि खटला भरणे यांवर होता. भटारखान्याच्या रोजच्या शिस्तीकडे त्याचे लक्ष त्या मानाने कमी होते. २००६ साली अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला आणि त्याचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. मोठ्या व्यवसायाला परवाना आणि लहानाला नोंदणी, अशी त्याची रचना आहे. वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असणाऱ्यांना १०० रुपये वार्षिक शुल्कात नोंदणी करता यावी आणि नोंदणी झालेल्या जागेची वर्षातून निदान एकदा तपासणी व्हावी, असे २०११ च्या नियमांनी ठरविले.

या नियमांच्या चौथ्या परिशिष्टात स्वच्छतेच्या अटी आहेत. पिण्यायोग्य पाणी, हात धुण्याची सोय, सांडपाण्याचा निचरा, झाकणाची कचरापेटी, अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी, अशा त्या अटी. उपाहारगृहांसाठी केलेली तपासणीची सूची एकूण ११४ गुणांची आहे आणि तिच्यातील कळीच्या बाबींत नापास होणारी जागा बाकीच्या गुणांवर तरू शकत नाही. दोष आढळल्यास अधिकाऱ्याने प्रथम सुधारणेची नोटीस द्यावयाची आणि त्यासाठी किमान १४ दिवसांची मुदत ठेवावयाची. सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होतो, पुढे रद्दही होतो. लोकांच्या आरोग्याला तातडीचा धोका असेल तर व्यवसाय बंद ठेवण्याचा आदेश निघू शकतो. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार करण्याबद्दल १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विनाकारण त्रास देणाऱ्या अधिकाऱ्यालाही दंड होऊ शकतो, हे कलम ३९ फारच थोड्या विक्रेत्यांना ठाऊक असते.

कायदा वाचला तर त्यात फारशी उणीव दिसत नाही. उणीव आहे ती कायदा आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या अंतरात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१७ साली या कायद्याच्या अंमलबजावणीचा जो अहवाल दिला, त्यात राज्यांच्या ७२ अन्न प्रयोगशाळांपैकी ६५ प्रयोगशाळांना आवश्यक ती मान्यताच नसल्याचे नमूद होते. तपासून पाहिलेल्या परवान्यांपैकी निम्म्याहून अधिक परवाने अपुऱ्या कागदपत्रांवर दिलेले आढळले. ज्या यंत्रणेला स्वतःची कागदपत्रे तपासता येत नाहीत, ती दुसऱ्याचा भटारखाना काय तपासणार?

कागदावरची तपासणी किती घातक ठरते, याचे उदाहरण तपासणीची जुनी परंपरा असलेल्या ब्रिटनमध्येही सापडते. २००५ च्या सप्टेंबरात दक्षिण वेल्समध्ये, जुन्या कोळसाखाणींच्या मुलखात, शाळांतील जेवणातून ई-कोलाय या जंतूच्या एका घातक प्रकाराची साथ पसरली. ४४ शाळांना तिची झळ पोहोचली, दीडशेहून अधिक लोक आजारी पडले आणि ५ वर्षांचा एक मुलगा दगावला. शाळांना शिजवलेले मांस पुरविणाऱ्या कंत्राटदाराकडे कच्चे आणि शिजलेले मांस एकाच यंत्रावर बांधले जात होते. तेथे अधिकारी पूर्वी येऊन गेलेच नव्हते असे नाही. ते आले होते, परंतु कागदांतले आणि कामातले गंभीर दोष त्यांच्या नजरेतून सुटले होते. प्राध्यापक ह्यू पेनिंग्टन यांच्या चौकशीचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. अपवाद वगळता प्रत्येक तपासणी पूर्वसूचनेशिवाय व्हावी आणि तपासणीच्या वेळी कामगारांशी बोलणे हा नित्याचा भाग असावा, अशा शिफारशी त्यात होत्या. कंत्राट देण्याच्या पद्धतीत अन्नसुरक्षेच्या दृष्टीने गंभीर दोष होते, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. पुढे २०१३ साली वेल्सने कायदा करून प्रत्येक उपाहारगृहाला आपला स्वच्छतेचा गुणांक दारावर लावणे सक्तीचे केले.

कामगारांशी बोला, ही शिफारस भारतातील कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात घ्यावी. २०१३ च्या जुलैमध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेचे भोजन घेऊन २३ मुले मृत्यू पावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होते. तेलाविषयी स्वयंपाकीण बाईंनी आधीच शंका घेतली होती, असे वृत्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. स्वयंपाकघरात काय चालले आहे हे सर्वांत आधी आचाऱ्याला आणि भांडी घासणाऱ्या बाईला कळते. परंतु तिचे ऐकावयास कोणी बसलेला नसतो आणि बोलली तर नोकरी जाण्याची भीती असते.

याच जागी तपासणीचा प्रश्न कामगाराच्या हक्काशी येऊन भिडतो. आजारी माणसाने अन्नाला हात लावू नये, असे नियम सांगतो. परंतु जुलाब होत असलेला पोऱ्या घरी राहिला तर त्याची त्या दिवसाची मजुरी कोण देणार? कर्मचारी राज्य विमा योजनेत मजुरीच्या ७० टक्के इतका आजारपणाचा भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळण्याची सोय आहे. परंतु ज्याचे नाव हजेरीपटावरच नाही त्याला ती सोय कशी मिळावी? पगारी आजारपणाची रजा ही म्हणूनच खाणाऱ्याच्या आरोग्याचीही अट आहे. तपासणी अधिकाऱ्याने भिंतीवरची जळमटे जशी पाहावीत, तसा हजेरीपटही पाहावा.

आता फेरीवाल्याकडे वळू. त्याच्याविरुद्धचा आक्षेप ठरलेला असतो: एकाच बादलीत दिवसभर बशा विसळल्या जातात. आक्षेप खोटा नाही. परंतु बादली एक का, असे विचारले तर उत्तर महापालिकेच्या दारात जाते. त्या रस्त्यावर नळ नाही, सांडपाण्याला वाट नाही, कचरा उचलणारा वेळेवर येत नाही आणि शौचालय कोसभर दूर आहे. ज्या शासनाने पाणी दिले नाही तेच शासन पाणी नसल्याबद्दल दंड करते. अशा दंडाने एकही बशी स्वच्छ होत नाही. फक्त हप्त्याचा दर वाढतो. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या खाद्यविक्रेत्यांना २०१८ साली देशातील पहिले स्वच्छ खाद्य-केंद्र म्हणून मान्यता मिळाली. विक्रेत्यांचे प्रशिक्षण आणि जागेच्या सोयी यांकडे लक्ष दिले गेले, तर गाडीवरचे अन्नही कसोटीला उतरते, हे तेथे दिसले. जे एका तलावाकाठी शक्य झाले ते गिरणगावच्या नाक्यावर अशक्य असण्याचे कारण नाही.

याचा अर्थ नळ येईपर्यंत गरिबाला घाण अन्न खाऊ द्यावे, असा नाही. हात धुणे, अन्न झाकणे, उरलेले दुसऱ्या दिवशी न विकणे या गोष्टींना महापालिकेची वाट पाहावी लागत नाही. त्यांबाबत संघटनेने आपल्या सभासदांना कठोरपणे जाब विचारला पाहिजे. जी संघटना हे करील तिलाच नळ मागण्याचा नैतिक अधिकार राहील.

दुसरा आक्षेप वरच्या वर्गाकडून येतो. तपासणी म्हणजे ‘इन्स्पेक्टर राज’, ते आटोपते घ्या आणि व्यवसायांना स्वतःवर नियंत्रण ठेवू द्या, असे म्हटले जाते. २०१८ च्या नियमांनी खासगी संस्थांकडून लेखापरीक्षणाची वाट मोकळी केली आणि त्यात समाधानकारक ठरणाऱ्यांची सरकारी तपासणी कमी वेळा व्हावी, अशी सवलत ठेवली. ज्याची परीक्षा घ्यावयाची त्याच्याच पैशावर परीक्षक जगणार असेल, तर निकाल काय लागेल हे सांगावयास नको. अधिकाऱ्यांतील लाचखोरी खरी आहे. पण तिचे मूळ तपासणीच्या गुप्ततेत आहे. अधिकाऱ्याने काय पाहिले हे फक्त त्याला आणि मालकाला ठाऊक असते, म्हणून सौदा होतो. अहवाल दारावर लागला तर सौद्याला जागा उरत नाही.

कार्यकर्त्यांना उद्यापासून करता येण्याजोगी कामे यातूनच निघतात. कायद्याच्या कलम ४० नुसार कोणताही ग्राहक विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून तपासून घेऊ शकतो आणि दोष सिद्ध झाल्यास शुल्क परत मिळते; हा अधिकार वस्तीत सांगावा आणि वापरावा. प्रभागातील मागील वर्षाच्या तपासण्यांचे अहवाल माहितीच्या अधिकाराखाली मागवावेत. किती गाड्या तपासल्या आणि किती बडी उपाहारगृहे, हा हिशेब सभेत मांडावा. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या कायद्याने नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. त्या समितीत पहिला ठराव पाणी, निचरा आणि शौचालय यांचा असावा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असतात. त्यांनी शाळेचे कोठीघर आधी न कळविता पाहावे आणि स्वयंपाकीण बाईंना बोलते करावे. उपाहारगृह कामगारांच्या मागणीपत्रात आजारपणाची पगारी रजा अग्रभागी असावी.

अन्न व औषध प्रशासनाकडे मागावयाचे ते तीन गोष्टींचे: पुरेसे अधिकारी आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, पूर्वसूचनेशिवाय तपासणी आणि तिच्या अहवालाची जाहीर प्रसिद्धी. महापालिकेकडे मागावयाचा तो नळ. या चार मागण्यांत विक्रेता आणि खाणारा यांना एकमेकांविरुद्ध उभे राहावे लागत नाही. दोघांच्या सह्यांचे एकच निवेदन प्रत्येक प्रभाग कार्यालयात जावे आणि त्याला उत्तर मिळेपर्यंत कार्यकर्त्यांनी तेथील खेपा थांबवू नयेत.