अल्पायुषी गगनवीर : इंद्रलाल रॉय



इंद्रलाल रॉय यांचा जन्म २ डिसेंबर १८९८ रोजी कोलकात्यात एका बॅरिस्टरांच्या घरी झाला. बालपणीच ते कुटुंबासह लंडनला गेले आणि तेथील सेंट पॉल्स शाळेत शिकले. पहिल्या महायुद्धात त्यांनी वैमानिक होण्याचा ध्यास घेतला. दृष्टिदोषामुळे अर्ज नाकारला गेला, तेव्हा त्यांनी आपली मोटारसायकल विकून नेत्रतज्ज्ञाकडून फेरतपासणी करवून घेतली, असे सांगतात. जुलै १९१७ मध्ये ते रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये अधिकारी झाले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यांचे विमान कोसळले. गंभीर दुखापतीमुळे उड्डाण बंद झाले. विश्रांतीच्या काळात त्यांनी विमानांची अनेक रेखाचित्रे काढली आणि आग्रहपूर्वक पुन्हा उड्डाणाची अनुमती मिळवली. फ्रान्सच्या आघाडीवर परतल्यानंतर ६ ते १९ जुलै १९१८ या अवघ्या चौदा दिवसांत त्यांच्या नावे दहा हवाई विजय नोंदले गेले. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी, २२ जुलै रोजी, कार्व्हँ गावाच्या आकाशात जर्मन विमानांशी झुंजताना त्यांना वीरमरण आले. वय होते अवघे एकोणीस. ‘डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस’ हे पदक त्यांना मरणोत्तर मिळाले. १९९८ मध्ये, जन्मशताब्दी वर्षात, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या समाजाने या वीराचे स्मरण कसे करावे? आपल्या आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार भेद सांगितले. श्रावकाने संकल्पी हिंसा सर्वथा त्यागावी. स्वसंरक्षणार्थ घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णतः टाळता येत नाही, हे शास्त्राने जाणले आहे. परंतु ते युद्ध साम्राज्यांचे होते, आणि पडलेल्या प्रत्येक विमानातही कोणा मातेचा पुत्र होता. म्हणून दहा या संख्येचा गौरव आपल्याला करता येणार नाही. वंदनीय आहे ती त्यांची निर्भयता, आणि मृत्यूच्या दारातून परतल्यावरही न ढळलेली कर्तव्यनिष्ठा.

फ्रान्समधील एस्तव्हेल येथे त्यांची समाधी आहे. तिच्यावरील बंगाली लेखात त्यांना ‘महावीर’ म्हटले आहे. हा शब्द वाचताना जैन मन क्षणभर थबकते. भगवंतांना हे नाम लाभले ते स्वतःवरील विजयामुळे. एकोणीस वर्षांच्या या तरुणाने भयावर विजय मिळवला; राग-द्वेषावरील विजयाचा मार्ग चालण्याएवढे आयुष्य त्याला लाभले नाही. आपल्याला मात्र ते लाभले आहे. त्या आयुष्याचे सार्थक करण्याची बुद्धी आपल्या तरुणांना व्हावी, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र!